पोदुम

चेन्नईत उतरलेल्या माणसाला तमिळ वाचता येत नसले, तरी एक पाटी त्याला पहिल्याच दिवशी वाचता येते. दुपारी अकराच्या सुमारास लहानलहान खानावळी ही पाटी दाराबाहेर आणून ठेवतात आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत 'मील्स रेडी' एवढेच लिहिलेले असते. पदार्थांची नावे नसतात, जेवण कुठल्या प्रकारचे तेही नसते. आपल्याकडे स्वयंपाक झाला की 'चला, पाने घेतली' म्हणून आतून हाक येते. ही पाटी मला त्या हाकेच्या नात्यातली वाटते. जेवण तयार आहे, भूक असेल त्याने यावे, काय आहे ते पानावर बसल्यावर कळेल. हॉटेलात गेल्यावर उजवीकडच्या रकान्यातले आकडे आधी वाचणाऱ्या माझ्यासारखीला ही मोठीच सोय होती.

हौसेने शहर पाहायला गेलेल्याचे जेवण वेगळे आणि गरजेपोटी गेलेल्याचे वेगळे. गरजेने गेलेल्या माणसाला राहण्याचा खर्च लॉजवाला सांगतो, उपचाराचा खर्च डॉक्टर सांगतात. त्यात घासाघीस करण्याची सोय नसते. आपल्या हाती उरते ते फक्त स्वतःचे पोट. त्यामुळे काटकसर तिथून सुरू होते. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या आवारात झाडाखाली बसून बिस्किटाचा पुडा आणि चहा यांवर दुपार काढणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आत ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्याला फळे दिली जातात आणि बाहेर बसलेला माणूस आठ दिवसांत वाळून जातो.

२०१४ च्या जुलै महिन्यात मी आईला घेऊन चेन्नईला गेले. तिच्या उजव्या डोळ्याचे दृष्टिपटल सुटले होते आणि डावा डोळा काचबिंदूने आधीच मंद झालेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी चेन्नईचे नाव सुचवले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे शहर असेच डोळ्यांच्या निमित्ताने येते. शंकर नेत्रालय १९७८ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तर मराठी मुलखातही ते नाव परिचयाचे झाले आहे. शस्त्रक्रियेसाठी मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढले होते. जेवणाखाण्यासाठी दोघींना मिळून दिवसाला दोनशे रुपये, असा हिशेब वहीत मांडला होता. आईला तोही जास्त वाटत होता. तिने दोन डबे भरून कडक भाकरी आणि एक बरणी शेंगाची चटणी बरोबर घेतली होती. सोलापूरची कडक भाकरी पंधरा दिवस टिकते. तेवढ्यावर आपले भागेल, कांदा काय तो तिथे घेऊ, अशी तिची योजना होती. मुंबई-चेन्नई मेलमध्ये रायचूरच्या पुढे तिने डबा उघडून शेजारच्या प्रवाशांनाही भाकरीचा एकेक तुकडा दिला, तो मोठ्या आत्मविश्वासाने.

आम्ही उतरलो तिरुवल्लिकेणीत. इंग्रजांनी या नावाचे 'ट्रिप्लिकेन' करून टाकले. मूळ अर्थ आहे पवित्र कुमुदांचे तळे. पार्थसारथीचे पुरातन मंदिर, त्याच्यासमोरचे तळे, पलीकडे वालाजा मशीद, आणि या दोहोंच्या मधल्या गल्ल्यांत नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांच्या अनेक मजली वसाहती. त्यांना तिथे 'मॅन्शन' म्हणतात, पण नावावर जाऊ नये. एका खोलीत दोन-तीन खाटा आणि दोरीवर वाळत घातलेले शर्ट, एवढाच तो वाडा. गणिती रामानुजन १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करू लागले, त्या दिवसांत त्यांचे बिऱ्हाड याच भागात होते. कवी सुब्रमण्य भारती यांचे अखेरचे दिवसही मंदिरालगतच्या गल्लीत गेले. लहान मिळकतीत पोट भरण्याची विद्या या पेठेत शंभर वर्षे मुरलेली आहे, आणि तिचे विद्यापीठ म्हणजे इथल्या मेस.

शस्त्रक्रिया ३ जुलैला झाली. या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर चढतो आणि दृष्टिपटल तर डोळ्याच्या मागच्या भिंतीला असते. म्हणून तो बुडबुडा बरोबर त्या पटलाला दाबून बसावा, यासाठी रुग्णाने सतत मान खाली घालून राहायचे. झोपायचे तेही पालथे. डोके वर करण्याची मुभा जेवणापुरती आणि प्रातर्विधीपुरती. निघताना परिचारिकेने आणखी एक सूचना दिली, की काही दिवस कडक चावून खाण्याचे काही द्यायचे नाही. तिने ते सांगितले आणि दोन डबे भाकरी एका वाक्यात बाद झाली. आई पालथी पडून म्हणाली, "मग तूच खा आता ती." मी खाल्लीही, पहिले पाच दिवस, चटणीबरोबर आणि चहात बुडवून.

आईसाठी मऊ अन्न शोधायला मी सकाळी सातला बाहेर पडले आणि लक्षात आले, की या शहरात स्वस्त अन्न म्हणजे बहुधा मऊ अन्नच असते. इडली मऊ, दहीभात मऊ, इडिअप्पम तर वाफेवरच्या शेवयाच. आणि पोंगल! तांदूळ आणि मूगडाळ एकत्र गिजगिजे शिजवून त्यात तुपावर परतलेले मिरे, जिरे, आले आणि कढीलिंब घातलेला हा पदार्थ म्हणजे आपल्या मूगडाळीच्या खिचडीची थोरली, अधिक खाल्लेली-प्यालेली बहीण. आमच्या शाळेत दुपारच्या खिचडीची नोंदवही माझ्याकडे असते, त्यामुळे दर माणशी तांदूळ किती आणि डाळ किती हे मी पदार्थ पाहताच मोजू लागते. पोंगलातली डाळ सढळ होती. पंचवीस रुपयांत एका वृद्ध बाईची सकाळ निभावेल एवढे ते अन्न होते आणि त्याबरोबर सांबार व दोन चटण्या यांचे वेगळे पैसे नव्हते.

पार्सल बांधण्याची त्यांची कला पाहण्यासारखी. वर्तमानपत्राच्या चौकोनावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर पदार्थ, चारी बाजूंनी घडी आणि दोऱ्याचे दोन वेढे. सांबार आणि चटणी प्लास्टिकच्या चिमुकल्या पिशव्यांत भरून त्यांची तोंडे दोऱ्याने अशी आवळलेली, की हवेने टम्म फुगलेली ती पुडी हातातून पडली तरी फुटू नये. (२०१९ च्या आरंभापासून तमिळनाडूत अशा पिशव्यांवर बंदी आली.) केळीच्या पानात गरम अन्न बांधले की पानाचा वास अन्नात उतरतो. आईने पहिल्या दिवशी पालथ्या मानेने तो वास घेतला आणि विचारले, "कुणाकडे लग्न आहे का गं?"

खोलीत येणारी परिचारिका, लॉजचा व्यवस्थापक, झाडणारी बाई, प्रत्येक जण भेटताच विचारी, "साप्टीन्गळा?" म्हणजे 'जेवलात का?' आपल्याकडेही ही विचारपूस आहे. पण शहरांतून ती हल्ली उत्तराची वाट न पाहता केली जाते. तिथे मी एकदा नकारार्थी मान हलवली, तर व्यवस्थापकाने टेबलावरचे रजिस्टर मिटून मला पुढच्या गल्लीतली मेस दाखवायला पोऱ्या पाठवला. भाषा येत नसल्यामुळे माझे अडले मात्र फारसे नाही. सोलापूरच्या पूर्व भागात वाढल्याने बाजारापुरते तेलुगू मला येते, आणि चेन्नईत दर चार माणसांमागे एखादा तरी तेलुगू समजणारा निघतो. घरापासून आठशेहून अधिक किलोमीटरवर मला माझ्या बालपणीच्या शेजारणींची भाषा कामी आली.

९ जुलैला आषाढी एकादशी होती. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या बाईने आषाढीला पालथे पडून राहावे, हे आईला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले. उपवास करू नये असे मी सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. मेसच्या मालकाला मी हातवाऱ्यांनी आणि तेलुगूत सांगितले, एकादशी आहे, भात नको. तो आनंदला, तिरुवल्लिकेणी ही वैष्णवांची पेठ, एकादशी काय हे त्याला शिकवावे लागले नाही. "भात नको ना? मग गरम उपमा नेा," असे म्हणून तो रव्याचा उपमा बांधूही लागला. आपल्या उपवासाला रवा चालत नाही आणि शेंगदाणे चालतात, हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते पाहून मलाच क्षणभर आपल्या शास्त्राची शंका आली. साबुदाण्याची खिचडी तर तिथे कुठल्याच मेसमध्ये नव्हती. गंमत अशी, की महाराष्ट्रभर एकादशीला जो साबुदाणा भिजत पडतो तो बराचसा याच राज्यातल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून तयार होतो. तमिळ लोक त्याला जव्वरिसी म्हणतात, त्याची खीर करतात, पापड करतात. पण त्याने एकादशी पाळली जाते हे त्यांच्या गावी नाही. शेवटी आईची आषाढी झाली ती हातगाडीवरच्या उकडलेल्या शेंगा, केळी आणि दूध यांवर. तीस रुपयांत उपवास.

शस्त्रक्रियेनंतर नऊ दिवसांनी डॉक्टरांनी तिला दिवसातून एकदा, मान खाली ठेवूनच, थोडे चालायची परवानगी दिली आणि मी तिला मेसमध्ये घेऊन गेले. तोपर्यंत हा प्रश्न आलाच नव्हता, पण पायऱ्यांशी ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कुणाचे आहे हे?" आईने आयुष्यभर बाहेरचे फारसे खाल्ले नव्हते, आणि जे खाल्ले ते हा प्रश्न विचारूनच. मी म्हटले, "माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर एके काळी या पेठेत पाटीवरच लिहिलेले असे. हॉटेलच्या नावाबरोबर 'ब्राह्मणाळ' हा शब्द मिरवला जाई. १९५७ मध्ये पेरियार रामस्वामी यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले, ते याच तिरुवल्लिकेणीतल्या मुरली कॅफेसमोर. दिवसामागून दिवस कार्यकर्ते दारात उभे राहत आणि अटक करून घेत. शेवटी तो शब्द पाटीवरून उतरला. चेन्नईच्या खाद्यसंस्कृतीचे गोडवे गाणारे लेखक हा इतिहास सहसा वगळतात. तो वगळला तर 'मील्स रेडी' या दोन शब्दांची किंमत कळत नाही. काय तयार आहे एवढेच सांगणारी आणि कुणासाठी ते न सांगणारी पाटी आपोआप आलेली नाही.

आई काही क्षण उभी राहिली. मग भुकेने असेल, उन्हाने असेल, ती पायरी चढली.

मेसची पद्धत अशी, की आधी गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचे. जेवणाचे साठ रुपये. जागा होईपर्यंत भिंतीशी थांबायचे आणि मग लांब टेबलापाशी जो शेजारी मिळेल त्याच्या बाजूला बसायचे. पंगत सगळी पुरुषांची. मॅन्शनमधले कारकून, परीक्षांचे अभ्यास करणारी मुले, औषधकंपन्यांचे विक्रेते. दोन बाया, त्यांतली एक डोळ्यावर पट्टी बांधलेली आणि खाली मान घातलेली, पण कुणी वळून पाहिले नाही. पान मांडले गेले, आईच्या डाव्या हाताला शेंडा. पाणी शिंपडून तिने ते तळहाताने पुसले, आणि तिथपासून तिला माझी गरज उरली नाही. मी सांगणार होते की मीठ कुठे आणि लोणचे कुठे; पण तिची बोटे स्वतःच वरच्या डाव्या कोपऱ्यात गेली. "मीठ," ती म्हणाली. तिथून बोटे उजवीकडे सरकत गेली. "ही कोरडी भाजी. ही पातळ." तमिळ लोक कोरड्या भाजीला पोरियल म्हणतात आणि डाळ घातलेल्या दाटसर भाजीला कूट्टू. नावे वेगळी आहेत, तपशिलात जागाही थोड्या इकडेतिकडे आहेत. पण पानाला डावे-उजवे असते आणि भाताची जागा मधली असते, एवढी गोष्ट दोन्ही मुलखांत सारखी आहे. भात आला, त्यावर घट्ट वरण आणि चमचाभर तूप आले. आपल्यासारखाच आरंभ. मग सांबारभात, मग चिंचेचे झणझणीत कुळंबू, मग रसमभात आणि शेवटी ताकभात. वरणभात ते ताकभात या प्रवासाची दोन्ही टोके आईच्या ओळखीची होती, मधली स्थानके तेवढी नवीन.

आणि इथे जे घडले त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आमच्या घरात आई नेहमी शेवटी जेवली. पातेल्यात काय उरले आहे ते पाहून तिला भूक लागे किंवा लागत नसे. "माझे पोट भरले," हे वाक्य मी तिच्या तोंडून जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा ते खरे असणे शक्य नाही. वडील गेल्यावर, आम्ही मिळवते झाल्यावरही ती सवय गेली नाही. तिने कमी खाल्ले की घरात काहीतरी शिल्लक पडते, हा तिचा हिशेब कायम राहिला. मेसमध्ये तो हिशेब चालेना. तिने पहिला भात झाल्यावर हात आखडता घेतला आणि मला विचारले, "आणखी घेतले तर किती पडतात?"

"काही नाही. साठच."

"आणि एवढ्यावर थांबले तर?"

"तरी साठच."

ती विचारात पडली. तिने कमी खाल्ल्याने कुणाचाही काही फायदा होत नाही, असे तिच्या सत्तर वर्षांत बहुधा प्रथमच घडत होते. शिवाय पातेले तिला दिसत नव्हते. वाढपी कुठून येतो तेही दिसत नव्हते, त्यामुळे पानावर आडवा हात धरायला तिला नेहमी उशीर होई आणि भाताचा ढीग पडून गेलेला असे. ती 'पुरे, पुरे' म्हणे. वाढप्याला 'पुरे' कळत नसे. "इन्नुम कोंजम, पाट्टी," तो म्हणे. 'आणखी थोडे, आजी.' दुसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या एका मुलाने तिला थांबवण्याचा तमिळ शब्द शिकवला. पोदुम. म्हणजे पुरे. आईने तो दोनदा घोकला, पाठ केला. पण मी पाहत होते. तो शब्द येत असूनही ती तिसऱ्या भातापर्यंत तो वापरत नसे.

सांबाराबद्दल आपल्याकडे एक आख्यायिका हौसेने सांगितली जाते. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी कोकम मिळेना, म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या आमटीचे सांबार झाले. गोष्ट गोड आहे, पण चिंचेचे कालवण करायला तमिळ बायका मराठ्यांची वाट पाहत थांबल्या असतील, हे मला पटत नाही. विदर्भात तर सांबार म्हणजे कोथिंबीर. या असल्या गोष्टीपेक्षा खरा तंजावरी वारसाच अधिक मोलाचा आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले, १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य तिथे राहिले आणि सरफोजीराजांच्या काळचे पाकशास्त्राचे मराठी हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहे. त्या दरबाराबरोबर गेलेल्या घराण्यांतली माणसे चेन्नईत राहतात. आम्हाला मेसमध्ये एक भेटले, सेवानिवृत्त गृहस्थ, आडनावाच्या जागी नुसते 'राव' लावणारे. आमचे बोलणे ऐकून ते आईसमोर येऊन बसले आणि मराठीत बोलू लागले. ती मराठी पहिल्यांदा कानाला तमिळच वाटली. हेल तमिळ, मधले कितीक शब्द तमिळ, पण खाली खोलवर आपल्या आजीच्या तोंडची क्रियापदे. रसमाला ते 'सार' म्हणाले आणि घरी डांगराची पचडी होते असे सांगितले. उडदाचे डांगर! आईने मान खाली ठेवूनच विचारले, "दह्यात कालवता की ताकात?" दोघांचे या विषयावर दहा मिनिटे चालले. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी आई झोपली की मी तासभर बाहेर पडत असे. रमजानचे दिवस होते. वालाजा मशिदीत उपवास सोडणाऱ्यांना वाढायला येणाऱ्या स्वयंसेवकांत सिंधी हिंदू असतात. फाळणीनंतर इथे आलेल्या सिंध्यांच्या एका संस्थेने हा परिपाठ वर्षानुवर्षे चालवला आहे आणि ते शाकाहारी अन्न मैलापूरहून शिजून येते. समुद्रावर कैरी-खोबरे घातलेले वाटाण्याचे सुंडल कागदाच्या द्रोणात मिळे. रस्त्याच्या कडेला गाडीवर इडली-डोसा खाणाऱ्यांच्या त्या जागेला चेन्नईचे लोक थट्टेने 'कैयेंदी भवन' म्हणतात. हातावर ताटली धरून उभ्याने खायचे ते भवन. रत्ना कॅफेत मी एकदाच गेले. १९४८ पासून चाललेले हे हॉटेल सांबार-इडलीसाठी प्रसिद्ध आहे. इडल्यांवर सांबार एवढे ओततात की त्या दिसेनाशा होतात, आणि संपले की पुन्हा ओततात. चांगले होते, पण माझ्या वहीला ते रोज परवडणारे नव्हते.

माझे स्वतःचे दुपारचे जेवण बरेचदा वेगळ्याच ठिकाणी झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुख्यमंत्री जयललिता यांनी 'अम्मा उणवगम' सुरू केले. महापालिकेची ही उपाहारगृहे; स्वयंपाक आणि वाढप बचतगटांतल्या बायकांकडे. इडली एक रुपया, पोंगल पाच, सांबारभात पाच, दहीभात तीन, संध्याकाळी दोन चपात्या आणि डाळ तीन रुपये. पार्सल देत नाहीत. स्टीलच्या उंच टेबलाशी उभे राहून खायचे. मी अर्धवट संशयाने गेले. १९९५ मध्ये आपल्याकडे एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, तिचे पुढे काय झाले ते आम्ही सोलापुरात पाहिलेले आहे; जागा राहिल्या, झुणका गेला. तिथे मात्र ताटली गरम पाण्यातून काढलेली होती, भात वाफाळत होता आणि सांबारात भाजीचे तुकडे हाताला लागत होते. माझ्या एका बाजूला हमाल होता, दुसऱ्या बाजूला टाय लावलेला मुलगा. एक बाई भांडे घेऊन टेबलांमधून फिरत होती आणि कुणाची ताटली कोरडी दिसली तर सांबार वाढत होती. दात्यासमोर उभे राहिल्यावर जी मान खाली जाते तशी तिथे कुणाची गेली नव्हती. पाच रुपये थोडे असतात, पण ते आपण दिलेले असतात. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१५ च्या महापुरात, याच उपाहारगृहांतून लोकांना फुकट जेवण दिले गेले.

हे तिथेच का जमले याचे उत्तर एका योजनेत नाही. मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना जेवण देण्यास १९२० मध्ये आरंभ केला, जस्टिस पक्षाचे त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे प्रमुख होते. कामराजांनी १९५० च्या दशकात ते राज्यभर नेले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये वाढवले. देशाची योजना आली १९९५ मध्ये, आणि शिजवलेले अन्नच द्या हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावे लागले. त्याआधी आम्ही मुलांच्या पिशव्यांत महिन्याला तीन किलो तांदूळ मोजून घालत होतो. तो घरी जाऊन कुणाच्या पोटात जातो हे नोंदवहीत लिहायला रकाना नव्हता. २०२२ पासून तमिळनाडूने सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली आहे. आपल्याकडे २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्या रांगेत मी मुद्दाम उभी राहून जेवले. पण शंभर वर्षांची सवय आणि एखादी योजना यांत जे अंतर असते ते वाढणाऱ्याच्या हातातून कळते.

१८ जुलैला आम्ही निघालो. शेवटच्या तपासणीत पटल जागेवर बसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. किती दिसेल ते बुडबुडा विरल्यावर कळणार होते. गाडी अरक्कोणमच्या पुढे गेल्यावर मी वही काढली. अठरा दिवसांचे जेवणखाण तीन हजार चारशे बारा रुपये. आई समोरच्या बाकावर उशीवर कपाळ टेकून बसली होती. आणखी चार दिवस तिला तसेच बसायचे होते.

"त्यात माझे किती?" तिने विचारले.

"एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर."

ती मनातल्या मनात वजाबाकी करत होती. आकड्यांना ती पक्की आहे. "म्हणजे तुझे चौदाशे चौतीस. तू कुठे जेवत होतीस?"

मी अम्मा उणवगमचे सांगितले. पाच रुपयांत काय देतात, भात किती, सांबारात भाजी असते का, वाढणाऱ्या बाया कशा आहेत, हे सगळे तिने खोदून खोदून विचारले. मी सांगत गेले.

"मग मला का नाही नेलेस?"

"तिथे उभ्याने जेवावे लागते."

उशीत तोंड असल्याने तिचा आवाज घुसमटत येत होता. "पुढच्या तपासणीला उभी राहीन मी," ती म्हणाली. "मलाही तिथे ने."